गांडूळ जगलं म्हणून माती निरोगी?

गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते ओलसर कातडीतून श्वास घेतं आणि माती गिळत पुढे सरकतं. त्यामुळे कीटकनाशक असो की कॅडमियमसारखा जड धातू, मातीतलं विष त्याच्या अंगात कातडीतूनही शिरतं आणि पोटातूनही. मातीची तपासणी करणारे शास्त्रज्ञ गांडुळाकडे वळले ते यामुळेच.

1984 साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा चाचणीची पद्धत ठरवून दिली. सगळ्या प्रयोगशाळांत माती सारखी हवी म्हणून ती चक्क बनवायची: 70 टक्के वाळू, 20 टक्के केओलिन चिकणमाती, 10 टक्के पीट, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ. त्यात रसायन कमी-जास्त प्रमाणात मिसळून गांडुळं सोडायची आणि 14 दिवसांनी किती मेली ते मोजायचं.

पण थोड्या विषाने गांडूळ मरत नाही, त्याची वीण मात्र घटू शकते. म्हणून 2004 मध्ये दुसरी चाचणी आली. मोठी गांडुळं 28 दिवसांनी काढून घेतात, त्यांनी घातलेले कोष तिथेच राहू देतात आणि आणखी 28 दिवसांनी पिल्लं मोजतात. माझ्या मते खरी कसोटी हीच.

तिसरी चाचणी फक्त 48 तासांची. डब्यात एका बाजूला स्वच्छ माती, दुसऱ्या बाजूला संशयित. गांडुळं बरोबर मधल्या रेषेवर ठेवायची. दोन दिवसांनी 80 टक्क्यांहून जास्त गांडुळं स्वच्छ बाजूला सापडली, तर ती दुसरी माती त्यांना राहण्याजोगी उरलेली नाही असं मानतात.

एक गोष्ट मात्र खटकते. या चाचण्यांत बहुधा आयसेनिया फेटिडा वापरतात. गांडूळखताच्या वाफ्यातलं हे लाल गांडूळ पाळायला सोपं, भराभर वाढणारं. पण ते शेण आणि पालापाचोळ्यात राहणारं. नांगराखालच्या मातीत राहणाऱ्या काही जाती कीटकनाशकांना त्याच्यापेक्षा जास्त नाजूक असतात. आपल्याकडच्या मातीत लॅम्पिटो मॉरिशी आढळतं. इथल्या शेतांबद्दल बोलायचं तर इथलीच गांडुळं तपासायला हवीत.

शेतातली गणती तशी साधी आहे. जमीन ओली असताना 25 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा मातीचा ठोकळा काढून हाताने चाळतात. खोल बिळातल्यांसाठी मोहरीची पूड पाण्यात कालवून ओततात. मोहरीच्या झणझणीतपणाने कातडी चुरचुरते आणि गांडुळं वर येतात. पूर्वी यासाठी फॉर्मॅलिन ओतत, पण ते स्वतःच विषारी.