जिताडा : ठेवायचा की सोडायचा?

आमच्या होडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणाऱ्या पाहुण्यांसाठी

होडीत बसण्याआधी हे वाचून घ्या. एकदा मासा गरीला लागला की कुणी कुणाचं ऐकत नाही, आम्हीसुद्धा नाही.

नियम एवढाच. 60 सेंटिमीटरच्या आतला जिताडा परत पाण्यात. 80 च्या वरचाही परत. मधल्या मापाचा माणशी एक ठेवायचा आणि घरी नेऊन मजेत खायचा. होडीच्या उजव्या काठावर आतून पट्टी रंगवली आहे. तोंड मिटलेलं धरून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतो. दोन-चार मिलिमीटरवरून भांडण झालं तर निकाल माशाच्या बाजूने लागतो.

मोठा का सोडायचा?

लहान सोडा म्हटलं की सगळ्यांना पटतं. मोठा सोडा म्हटलं की चेहरे पडतात. इथे जिताड्याची एक गंमत सांगायला हवी. तळकोकणातला खजुरा, गोव्यातला चोणक, बंगाल्यांची भेटकी, ऑस्ट्रेलियातला बारामुंडी, सगळे हेच. हा मासा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून वीण करतो आणि पुढे अंगाने भरला की त्याची मादी होते. ऑस्ट्रेलियात पाहिलेलं असं, की साधारण 80 ते 100 सेंटिमीटरच्या टप्प्यात हा बदल होतो. म्हणजे तुमच्या हातात आलेलं दहा-बारा किलोचं धूड बहुतेक वेळा मादीच. सव्वा मीटरच्या मादीच्या पोटात अंडी कोटींच्या घरात असतात. 60 च्या आतला उचलला तर उद्याची मादी गेली, मोठा उचलला तर आजची गेली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर कायद्यानेच खालचं माप 58 आणि वरचं 120 सेंटिमीटर आहे. आमचं वरचं माप त्याहून कडक आहे, कारण आमची खाडी छोटी आणि गऱ्या-जाळी भरपूर.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून येणारे पाहुणे म्हणतात, मग सगळेच सोडू या ना. तिकडच्या गोड्या पाण्यातल्या बास माशाबद्दल रे स्कॉट यांच्या बास गरवणाऱ्यांच्या संघटनेने 1972 पासून ‘पकडा आणि सोडा’ची चळवळ चालवली आणि ती चांगलीच रुजली. पण तिथल्या लहान तळ्यांत बास तळ्यातच वितो. सगळेच सोडले तर लहान बासची गर्दी होते, खाणं पुरत नाही, मासे खुरटतात. म्हणून तिथले जाणकारच सांगतात, लहान बास घरी न्या. जिताड्याचं तसं नाही. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतल्या, तळ्यांत तो छान पोसतो, पण तिथे वीत नाही. विणीला त्याला खाडीच्या तोंडाशी, समुद्राइतकं खारं पाणी लागतं. पिल्लं तिथून भरतीबरोबर वर येतात, आणि तळ्यात सोडायला लोक पूर्वापार तीच धरत आले. बंदिस्त जागेत त्याची वीण करून घेणं भारतात 1997 मध्ये जमलं, चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेत. त्यामुळे तिकडचा नियम उचलून इकडे लावू नका.

सोडायचा तर जगेल असा सोडा

ही चूक आमचीच. सुरुवातीच्या काळात आम्ही मोठा मासा जबड्यात आकडा अडकवून वजनकाट्यावर टांगायचो. वजन, फोटो, टाळ्या, मग पाण्यात. तो पोहत जायचा, आम्ही खूश. एकदा दुसऱ्या दिवशी ओहोटीला उघाडीजवळच्या (खाडीच्या बांधातल्या झडपेजवळच्या) चिखलात एक जिताडा पोट वर करून पडलेला दिसला. जबड्याला आमच्याच आकड्याचं भोक होतं. टांगलं की सगळ्या देहाचा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो. त्या दिवसापासून वजनकाटा होडीत येत नाही.

आता असं करतो. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो. तीन तोंडी गरी लावू देत नाही. मासा रबरी हातजाळ्यात घेतो आणि जमेल तेवढं काम जाळं पाण्यात ठेवूनच उरकतो. उचलायचाच तर हात ओले करून, एक हात जबड्याशी, दुसरा पोटाखाली. कोरडे हात, फडकं, तापलेली फळी यांनी अंगावरची बुळबुळ निघते आणि तीच त्याची ढाल. कल्ल्याच्या झाकणाला बोट लावू नका, त्याची धार ब्लेडसारखी आहे. फोटो काढताना तुम्हीही श्वास रोखून धरा. तुमचा दम संपला की त्याचाही संपला समजा. परत सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा. तो स्वतः शेपटी मारून हातातून सुटेल, तेव्हाच सोडा.

जिवंत कोळंबी लावली असेल तर मासा कधी कधी गरी पार नरड्यात घेतो. ओढून काढू नका, दोरा तोंडाजवळ कापा. कल्ल्यातून भळाभळा रक्त येत असेल आणि माप मधलं असेल, तर तोच आपला ठेवायचा मासा. सोडून पुण्य मिळवण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी आम्ही गरवत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही. आणि सोडतोच आहोत म्हणून दिवसभरात वीस मासे दमवायचे, हेही आम्हाला मान्य नाही. पाच झाले की गऱ्या वर.

ठेवला तर

लगेच रक्त काढून बर्फात. प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात पडलेला जिताडा पाहिला की आमचा जीव तुटतो. तीन-चार किलोचा मासा खायला सगळ्यात छान, हे आमचं मत. त्याहून मोठ्याचं मांस राठ लागतं. तुकड्या तांदळाच्या पिठात तळा, पण मुंडकं कुणाला देऊ नका. चिंच, लसूण आणि आगरी मसाल्याचं कालवण त्याच्याशिवाय होत नाही. रिकाम्या हाताने परतलात तर बाजारात तळ्यातला जिताडा मिळतो. थोडा चिखलाचा वास येतो, चिंचेच्या पाण्यात जरा ठेवला की कमी होतो.

1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. आम्ही विणीसाठी ऑगस्टही त्याला जोडतो. तोपर्यंत होडी वर ओढलेली असेल. गप्पा मारायला मात्र दुकान उघडं आहे.