झोप मोडली की फिट, फिट आली की झोपमोड

गणपती विसर्जनाची मिरवणूक कोल्हापुरात रात्र संपली तरी संपत नाही. महाद्वार रोडवर पहाटेपर्यंत जागलेली पोरं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळतात आणि विषय मिटतो. ज्या घरात फिट येणारं मूल आहे, तिथं मात्र काळजी तेव्हाच सुरू होते. आठवी-नववीतली एखादी मुलगी उशिरा झोपून शाळेसाठी लवकर उठते. दात घासताना हाताला झटका बसतो, ब्रश बेसिनमध्ये उडतो. चहाचा कप सांडतो. घरचे म्हणतात, "काय धांदरट आहेस गं!" हे झटके महिनोन्‌महिने कुणी मनावर घेत नाही. मग जागरणानंतरच्या एका सकाळी मोठी फिट येते आणि डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, सकाळी हातातून वस्तू उडतात का? किशोरवयात सुरू होणाऱ्या या प्रकाराला ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. अपुरी झोप हे तिचं अगदी ठरलेलं निमित्त.

झोपेचा आणि फिटचा संबंध मेंदूच्या कामाच्या पद्धतीतच आहे. जागेपणी मेंदूतल्या पेशी आपापल्या कामात असतात, त्यांचे विद्युतसंकेत एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. गाढ झोपेत मात्र मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस आणि वरचं आवरण मिळून एक संथ लय धरतात, तालमीच्या ढोलपथकानं ठेका धरावा तशी. लाखो पेशी एकदम चेततात, एकदम शांत होतात. फिट म्हणजे तरी काय, पेशींचं एकाच वेळी आणि प्रमाणाबाहेर चेतणंच. मेंदूच्या एका कोपऱ्यात आधीच गडबड असेल तर या लयीत ती सहज पसरते. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत ही लय मोडते, म्हणून त्या टप्प्यात फिट सगळ्यांत कमी येतात.

लहान मुलांत नेहमी दिसणारी रोलँडिक एपिलेप्सी तर बहुतेक वेळा झोपेतच गाठते. झोप लागल्यावर थोड्या वेळानं किंवा पहाटे उठायच्या सुमारास. तोंड एका बाजूला ओढलं जातं, लाळ गळते, घशातून घरघर येते. मूल कधी कधी शुद्धीवर असतं, सगळं कळत असतं, पण बोलता येत नाही. हे बघून घाबरलेली आजी "बाहेरचं काय तरी असणार, जोतिबाला जाऊन या," म्हणते. जोतिबाला जरूर जावं, पण गोळीची वेळ न चुकवता.

तपासणीतही झोपच कामाला येते. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतसंकेतांचा आलेख, नोंदवला. आज ती तपासणी करताना डॉक्टर पालकांना सांगतात, मुलाला रात्री कमी झोपू द्या. सहा वर्षांच्या मुलाला मध्यरात्रीपर्यंत जागं ठेवणं आणि पहाटे पुन्हा उठवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. केसांना तेल नको, डोकं धुऊन यायचं. गाडीत मागच्या सीटवर पेंगू द्यायचं नाही. मग खोलीत अंधार करतात, पेस्ट लावून टाळूवर तारा चिकटवतात, आणि मूल आईच्या कुशीत पाच मिनिटांत झोपी जातं. जागेपणी जवळजवळ साफ दिसणाऱ्या आलेखावर झोप लागताच टोकदार लाटा उठायला लागतात. रोलँडिक प्रकारात तर त्या झोपेत कैक पटींनी वाढतात.

रात्रीची प्रत्येक ओरड ही फिट नसते, हेही तितकंच खरं. झोपेत किंचाळत उठणं, घामाघूम होणं, आईलाही न ओळखणं हे 'नाइट टेरर' असू शकतं. ते बहुधा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येतं, बराच वेळ चालतं, दर वेळी थोडं वेगळं दिसतं. फिट सहसा आखूड असते, एकाच रात्रीत अनेकदा येऊ शकते आणि दर वेळी हुबेहूब तशीच असते. तोंडी वर्णनापेक्षा मोबाइलचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगून जातो. दिवा लावा, पांघरूण बाजूला करा, डोळे आणि दोन्ही हात दिसतील असं धरा. एकानं चित्रण करायचं, दुसऱ्यानं मुलाला कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. कांदा, चप्पल, चमचा, पाणी यांपैकी काहीही तोंडा-नाकाजवळ न्यायचं नाही. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलॅमचा फवारा नाकात द्यायचा आणि 108 ला फोन करायचा.

उलट दिशेनंही हे चक्र फिरतं. रात्री आलेल्या फिटमुळे झोपेची घडी विस्कटते, दिवसा मूल चिडतं, पेंगतं. शिक्षकांना तो आळस वाटतो. औषधांचाही वाटा असतो: क्लोबाझामनं गुंगी येते, लेव्हेटिरासिटॅमनं काही मुलं चिडखोर होतात, फिनोबार्बिटॉलनं उलट जास्तच हुंदडतात. यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगणं. तेच डोस कमी-जास्त करतात किंवा त्याची वेळ बदलतात. आपल्या मनानं गोळी बंद केली तर सलग, न थांबणाऱ्या फिटचा धोका असतो. मूल घोरत असेल तर तेही सांगा. वाढलेल्या टॉन्सिल-अॅडिनॉइडमुळे झोपेत श्वास अडखळत असेल आणि त्यावर उपचार झाले, तर काहींच्या फिटही कमी होतात.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. रविवारी रात्री दहा वाजता रंकाळ्यावर भेळ खाऊन परतणाऱ्या घरात हे गणित बसणं अवघड आहे. माझ्या मते इथं मुलाला शिस्त लावून काही होत नाही. जेवणाची, टीव्हीची, पाहुण्यांची वेळ बदलावी लागते ती मोठ्यांची. सुट्टीतही झोपायची-उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलू नये.

आणि आईबाप? ते तर कान उघडे ठेवूनच झोपतात. या भीतीला आधार नाही असं म्हणता येत नाही. फिटच्या आजारात झोपेत अचानक मृत्यू ही दुर्मिळ पण खरी गोष्ट आहे. मुलांमध्ये तिचं प्रमाण वर्षाला फिटचा आजार असलेल्या साधारण 4,500 मुलांत एक असं आहे आणि आटोक्यात न आलेल्या मोठ्या फिट असतील तर धोका जास्त. त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर तो कमी दिसतो. पण ते कुणीतरी रोज आईच असायला हवं असं नाही. आज बाबा, उद्या मावशी, अशा पाळ्या लावता येतात. झोपमोड झालेल्या आईकडून सकाळची गोळी चुकण्याची शक्यताही कमी नसते.

रोलँडिक प्रकार बहुतेक मुलांत सोळाव्या वर्षापर्यंत आपोआप मागे पडतो. इतर अनेक प्रकारांत सुमारे दोन वर्षं फिट आली नाही की डॉक्टर औषध हळूहळू उतरवायचा विचार करतात, पण ज्युव्हेनाइल मायोक्लोनिकमध्ये गोळ्या बहुधा दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात. औषध उतरवायचे महिने शक्यतो परीक्षा, लग्नसराई आणि रात्रीचे प्रवास टाळून निवडावेत, आणि ते वेळापत्रक डॉक्टरांसमोर बसूनच ठरवावं.