पीआय मेटल डिटेक्टर शिकायचा तर आधी डिलेचा नॉब समजून घ्या

राजेहो, नागपुरात मेटल डिटेक्टर फिरवायचा म्हटलं की पहिले जमिनीचाच प्रश्न येतो, कारण शहराच्या पश्चिमेला सगळा बेसाल्ट, सेमिनरी हिल्स काय न सीताबर्डीची टेकडी काय, दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड इथंच संपते, आणि त्याच दगडाची झालेली आपली काळी माती. वाळलेल्या मातीत एक चुंबक फिरवून बघा, बारीक काळे कण चिकटून येतात, त्यात मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असतं. साधा व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) डिटेक्टर सतत सिग्नल सोडतो न त्याच वेळी ऐकतोही, त्यामुळे त्याला ही मातीच जोरात ऐकू येते. पल्स इंडक्शन म्हणजे पीआय डिटेक्टर आधी सिग्नल सोडतो, मग तो पूर्ण बंद करतो न त्यानंतरच ऐकतो.

होतं काय की कॉइलमधून, म्हणजे डिटेक्टरच्या खालच्या तारेच्या वेटोळ्यातून, अँपिअर-दोन अँपिअरचा करंट साधारण शंभरेक मायक्रोसेकंद जातो आणि मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच तो झटक्यात तोडतो. करंट तुटला की कॉइल उलटा व्होल्टेज मारते, १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये क्षणभर ३००-४०० व्होल्ट सुद्धा, म्हणून तो लवकर शांत करायला कॉइलला डॅम्पिंग रेझिस्टर लावतात. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र कोसळताना जवळ धातू असेल तर त्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे करंट, फिरायला लागतात. देवळातली घंटा कशी टोल देऊन झाल्यावरही घुमत राहते, तसे हे करंट जाड धातूत बराच वेळ टिकतात आणि पातळ धातूत लगेच विरतात. डिटेक्टर तेवढं मागे उरलेलं ऐकतो, सेकंदाला शेकडो वेळा.

किती वेळ थांबून ऐकायचं हे डिलेचा नॉब ठरवतो, आणि माझ्या मते सगळं शिकणं इथंच आहे. समजा एखाद्या फॉइलच्या तुकड्याचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सिग्नल साधारण ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, ३ मायक्रोसेकंद आहे, तर १५ मायक्रोसेकंद थांबल्यावर त्याचा सिग्नल जवळजवळ १५० पटीनं खाली आलेला असतो, न ६० मायक्रोसेकंदवाल्या जाड नाण्याचा अजून पाऊण भागापेक्षा जास्त शिल्लक असतो. म्हणून बाहेर पडायच्या आधी घरीच एअर टेस्ट करा. लाकडी टेबलावर कॉइल ठेवा, आजूबाजूला लोखंड नको, आणि चॉकलेटची फॉइल, चुंबकाला चिकटणारं स्टीलचं रुपयाचं नाणं, पितळी ५ रुपयाचं नाणं, खिळा, अंगठी असं एकेक समोरून फिरवा. डिले हळूहळू वाढवत न्या, फॉइल पहिले गायब होईल. अंगठी चांगली वाजते कारण ते पूर्ण बंद वर्तुळ आहे, करंटला फिरायला रस्ता मिळतो. बारीक चेन मात्र सोन्याची असली तरी कड्यांच्या जोडावर करंट नीट जात नाही, प्रत्येक कडी जणू वेगळी, म्हणून शेतात चेन हरवली असेल तर डिले सगळ्यात कमी ठेवून कॉइल जमिनीला जवळजवळ घासत न्यावी लागते.

आणि मातीचं संकट पीआयमध्ये पूर्णच संपतं असंही नाही. काही मातींत इतके बारीक चुंबकीय कण असतात की क्षेत्र गेल्यावरही ते हळूहळूच शांत होतात, बेसाल्टच्या जमिनीत हे होऊ शकतं. फरक एवढाच की मातीचा सिग्नल वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो न धातूचा घातांकी पद्धतीनं, म्हणजे ठरावीक वेळात ठरावीक पटीनं, म्हणून चांगल्या मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या वेळी सॅम्पल घेऊन एकातून दुसरं वजा करतात, तोच ग्राउंड बॅलन्स. नवीन जागेत गेलात की पहिले हाच सेट करा.

खोलीबद्दल मोठ्या आशा ठेवू नका. कॉइलपासून लांब गेलेल्या छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ वा हिस्सा. म्हणून कॉइल वर उचलून झुलवू नका, समांतर आणि हळू फिरवा. लोखंड न सोनं वेगळं ओळखणं पीआयला नीट जमत नाही, प्रत्येक आवाज खणावा लागतो. आडवा पडलेला लांब खिळा एका दिशेनं दोनदा वाजतो न काटकोनात फिरवलं की एकदाच, एवढा इशारा मिळतो.

कोराडी-खापरखेड्याकडून येणाऱ्या हाय टेन्शन लाइनीखाली ५० हर्ट्झचा गोंगाट येतो, तिथं पल्सचा रेट थोडा बदलून बघा, नाहीतर लाइनीपासून दूर जा. आणि काटोल रोडवरच्या जुनापाणीसारख्या शिलावर्तुळांच्या, म्हणजे दगडांची वर्तुळं मांडलेल्या प्राचीन दफनांच्या, जागी डिटेक्टर नेऊच नका, विदर्भातल्या अशा दफनांत लोखंडाच्या वस्तू सापडल्या आहेत आणि वस्तू कुठल्या थरात होती हे एकदा बिघडलं की पुरातत्त्ववाल्यांनाही परत सांगता येत नाही. शेतमालकाची परवानगी घेऊन मोकळ्या शेतातच फिरवा, आणि जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन निघालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं.