वाटाणे, हीर आणि पहिलीतली मुलं

चतुर्थी जवळ आली की गोव्यात फोंड्याकडच्या घरांत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट पुसून बाहेर काढतात. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजनं (मोठी लिंबासारखी फळं) सगळं तिला टांगायचं. जड नारळ एकाच बाजूला बांधले, तर चौकट कलते. मग सोडा आणि पुन्हा बांधा. वस्तू कशासाठी हवी ते ठरवायचं, ती करून बघायची आणि चुकली तर सुधारायची, यालाच डिझाइन म्हणतात. मूल हे घरात बघतं, पण शाळेत आल्यावर त्याच्या हाती बहुतेक वेळा फक्त पेन्सिल येते.

गेल्या पावसाळ्यात पहिलीच्या मुलांसमोर मी रात्रभर भिजवलेले पांढरे वाटाणे आणि माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्या, ठेवले. हिराचे बोटभर तुकडे, वाटाण्यात खुपसून सांधे. सगळ्यांनी आधी चौकोन केला, कारण घर चौकोनीच असतं! बोटाने ढकलला की तो लवंडायचा. "टीचर, हो पडता!" एक मुलगी रडवेली झाली. मी काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने तिने एक लांब हीर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका घातला, आणि चौकोन हलेना. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहूनही कोन बदलू शकतात. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या, की कोनही ठरतात. हे प्रमेय ती पुढे कधीतरी शिकेल, पण त्या दिवशी तिच्या बोटांना ते कळलं होतं.

हा खेळ माझा नव्हे. 1837 मध्ये जर्मनीत बालवाडीची सुरुवात करणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या परंपरेत वाटाणे आणि काड्यांचं काम होतं. 1899 मध्ये अमेरिकेतल्या एका बालवाडीत चार वर्षांच्या बकमिन्स्टर फुलर या पुढे प्रसिद्ध झालेल्या डिझाइनरपुढे हेच साहित्य आलं. त्यांना जवळचं स्पष्ट दिसत नसे. बाकीच्या मुलांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोन केले. फुलर यांनी हाताने चाचपून जे घट्ट लागलं ते धरलं, म्हणजे त्रिकोण. असं ते स्वतःच सांगत. मोठेपणी त्यांनी त्रिकोणांचे घुमट उभे केले. 1967 च्या माँट्रियल प्रदर्शनातला अमेरिकेचा घुमट त्यांचाच.

इंग्लंडमध्ये 1990 पासून डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय पाच वर्षांच्या मुलांनाही आहे. आपल्याकडे 2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे. तरी 'प्रोजेक्ट' घरी जातो, आई-बाबा रात्री जागून करतात आणि मूल तो फक्त उचलून आणतं. माझ्याच घरी हे झालंय, म्हणून कळकळीने सांगते: वाकडा सांधा मुलाचाच राहू द्या. सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाची सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात, म्हणून जाड पुठ्ठा कापायला लावू नका. वाटाणा आणि हीर पुरेत.

आणि झालेलं घर लगेच मोडू नका. वाटाणा सुकताना आकसतो आणि हीर आवळून धरतो. पावसाळ्यात त्याला दोन-तीन दिवस लागतात. मग तेच घर पुन्हा ढकलायला द्या.