वारा मोजायला शिडं

ट्रफाल्गरची सागरी लढाई होऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि ब्रिटिश नौदलातला कप्तान फ्रान्सिस बोफोर्टच्या वाट्याला आलं होतं ‘वुलविच’ हे जहाज. मूळचं ४४ तोफांचं, पण आता नौदलाचा माल वाहणारं. पाच वर्षांपूर्वी स्पेनच्या किनाऱ्यावर शत्रूचं जहाज पळवताना ज्याने १९ जखमा झेलल्या, त्याला हे काम रुचणं शक्यच नव्हतं. पण १३ जानेवारी १८०६ रोजी याच जहाजाच्या रोजनिशीत त्याने वाऱ्याच्या जोराला क्रमांक दिले. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. पवनचक्क्यांसाठी जॉन स्मीटन या अभियंत्याने अशी प्रतवारी आधीच केली होती.

बोफोर्टची खरी करामत पुढची. एका कप्तानाचा ‘जोराचा वारा’ दुसऱ्याला ‘मध्यम’ वाटायचा. म्हणून त्याने वारा कसा वाटतो हे सोडून शिडांचं काय करावं लागतं ते लिहिलं. २ ते ४ क्रमांकांना सगळी शिडं उभारलेल्या युद्धनौकेचा शांत पाण्यातला वेग: २ ला एक-दोन नॉट (ताशी सागरी मैल), ४ ला पाच-सहा. ५ पासून प्रश्न बदलतो: शत्रूचा पाठलाग करताना किती शीड पेलेल?

डोलकाठीच्या वरच्या शिडावर, टॉपसेलवर, आडव्या ओळींत आखूड दोऱ्या शिवलेल्या असत. एक ओळ बांधली की शीड एका पट्ट्याने आखडतं. यालाच ‘रीफ’ म्हणत. ६ ला एक रीफ, ७ ला दोन, ८ ला तीन. १२ म्हणजे कोणतंच कापड टिकणार नाही.

रीफ घ्यायचा तर आधी परवाण, म्हणजे शिडाचा आडवा वासा, खाली घेऊन शिडातला वारा काढायचा. मग खलाशी परवाणावर पसरत. टोकाचा माणूस आधी वाऱ्याकडचा कोपरा आवळून बांधी, नंतर दुसरा, शेवटी मधल्या दोऱ्या. वारा नीट काढला नसेल तर फुगलेलं कापड फळीसारखं ताठ होतं, मुठीत येत नाही, आणि वरचा माणूस फेकला जाऊ शकतो. उशीर झाला तर डोलकाठीचा वरचा भागच मोडतो.

उशीर इतका महाग का, ते पुढे हवामानतज्ज्ञांनी बसवलेल्या सूत्रातून कळतं. वाऱ्याचा वेग (मीटर प्रतिसेकंद) = ०.८३६ × क्रमांक × क्रमांकाचं वर्गमूळ. ४ ला सुमारे ६.७, ८ ला १८.९. क्रमांक दुप्पट, वेग पावणेतीनपटीहून जास्त. पण शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आठपट!

बोफोर्ट १८२९ मध्ये नौदलाच्या नकाशाखात्याचा प्रमुख झाला. १८३१ ला डार्विनला घेऊन निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर त्याची ही वाऱ्याची पट्टी वापरली गेली आणि १८३८ पासून ती ब्रिटिश नौदलात सक्तीची झाली. वाफेच्या जहाजांना शिडं उरली नाहीत, तेव्हा तेच क्रमांक लाटांच्या रूपावरून आणि वाऱ्याच्या वेगावरून ठरू लागले. भारतीय हवामान विभाग ताशी ६२ किलोमीटरपासून ‘चक्रीवादळ’ म्हणतो. तिथेच बोफोर्टचा ८ सुरू होतो, तिसरा रीफ बांधायची वेळ.