रोलर बेअरिंगमधला केज: लोड न घेणाऱ्या पार्टची जुनी गोष्ट

बेअरिंगचा विषय निघाला की सगळे रोलर, रेस (रोलर ज्यांवर धावतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्या) आणि ग्रीसवर बोलतात, केजकडे, म्हणजे रोलर एकमेकांपासून वेगळे धरणाऱ्या चौकटीकडे, कोणी बघतही नाही. बरोबर पण आहे म्हणा, शाफ्टचा लोड रोलरवरून रेसवर जातो आणि केज नुसता मध्ये फिरत राहतो. तरी पण रोलर बेअरिंग आज एवढ्या स्पीडला चालतं त्यात या फुकट फिरणाऱ्या पार्टचा वाटा फार मोठा आहे.

आधी भानगड काय ते बघू. दोन रोलर शेजारी शेजारी, दोघंही एकाच दिशेने फिरतायत. मग जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे एकाचा पृष्ठभाग वर चाललाय आणि दुसऱ्याचा खाली, म्हणजे घासण्याचा वेग डायरेक्ट दुप्पट. हळू फिरणाऱ्या जड कामाला हे चालून जातं, क्रेनच्या पुलीत आजही बिनकेजचं, रोलरने गच्च भरलेलं बेअरिंग असतं. स्पीड वाढला की मात्र गरम होणार, तेल उडणार, रोलर खाल्ले जाणार. केज टाकला की हे थांबतं, पण केजच्या पट्ट्या जागा खातात, तेवढे रोलर कमी बसतात आणि रोलर कमी म्हणजे लोड कमी. केज डिझाइनचा सगळा इतिहास म्हणजे याच सौद्यात थोडं थोडं जास्त पदरात पाडून घ्यायची धडपड आहे.

एकमेकांना लागू न देण्याची आयडिया तशी फार जुनी. इटलीतल्या नेमी तलावात रोमन सम्राट कॅलिगुलाच्या काळातली जहाजं सापडली, तलावाचं पाणी उपसून ती 1928 ते 1932 च्या दरम्यान उघडी केली, त्यात गोल फिरणाऱ्या लाकडी चौथऱ्याखाली ब्राँझच्या गोळ्या होत्या आणि प्रत्येक गोळीला दोन बाजूंनी खुंट्या. गोळी जागेवर राहते खरी, पण आता खुंटी घासते. पंधराव्या शतकाच्या शेवटी लिओनार्दो दा विंचीने वहीत लिहून ठेवलं होतं की गोळ्या एकमेकींना चिकटल्या की फिरणं जड होतं, आणि त्या वेगळ्या ठेवायची चित्रंही काढली. त्या वह्या माद्रिदच्या लायब्ररीत पडून राहिल्या आणि 1960 च्या दशकात परत हाती लागल्या, म्हणजे उपयोग शून्य.

खरा केज केला तो जॉन हॅरिसनने. मूळचा सुतार, समुद्रात रेखांश काढता यावा म्हणून घड्याळ बनवायच्या मागे लागलेला माणूस. त्याच्या तिसऱ्या घड्याळावर, एच-3 वर, त्याने 1740 पासून जवळजवळ 19 वर्षं घालवली आणि त्यातच चौकटीत धरलेले रोलर वापरले. गंमत म्हणजे बाजी मारली ती एच-4 ने, जे मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं होतं. एच-3 मागे पडलं आणि त्यातला रोलर बेअरिंग मात्र जगभर पसरला, अर्थात लगेच नाही.

मध्ये बराच काळ गेला. 1794 मध्ये वेल्समधल्या फिलिप व्हॉनने बग्गीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं, पुढे सायकलींनी मागणी वाढवली, 1883 मध्ये जर्मनीत श्वाइनफुर्टला फ्रीडरिश फिशरने सारख्या मापाच्या गोळ्या ग्राइंड करायचं मशीन केलं. सायकलच्या हबमध्ये गोळ्या ग्रीसमध्ये सुट्ट्याच बसवायचे आणि आपल्याकडे छर्रे अजून तसेच बसवतात, त्या स्पीडला केजची कोणाला पडलीय.

केज कम्पल्सरी झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीतल्या रॉबर्ट कॉनराडच्या जुळणीमुळे. आतली रेस एका बाजूला सरकवायची, चंद्रकोरीसारखी जागा होते तिथून गोळ्या आत घालायच्या, रेस मधोमध आणायची, गोळ्या सगळीकडे सारख्या पसरवायच्या आणि मग दोन बाजूंनी केजचे दोन अर्धे लावून रिव्हेट मारायचे. केज नसेल तर गोळ्या परत एकीकडे गोळा होतात आणि बेअरिंग हातात सुटं येतं!

रोलरचं दुखणं गोळीपेक्षा वेगळं. गोळी कशीही फिरली तरी गोळीच, पण रोलर जरा तिरका झाला की रेसवर आडवा ओढला जातो. म्हणजे केजला अंतर ठेवून भागत नाही, रोलर सरळ धरायलाही हातभार लावावा लागतो. याचा सगळ्यात जास्त त्रास नीडल बेअरिंगमध्ये, म्हणजे सुईसारख्या बारीक लांब रोलरच्या बेअरिंगमध्ये, कारण तिथे रोलरची लांबी जाडीच्या 3 ते 10 पट. सुट्ट्या सुया भरायच्या, त्या तिरक्या व्हायच्या, अडकायच्या. 1949 मध्ये जर्मनीतल्या गेऑर्ग शेफलरने सुया केजमध्ये धरून शाफ्टला समांतर चालवल्या आणि मग हे बेअरिंग कारच्या गिअरबॉक्समध्ये निवांत बसलं. भारतात नीडल रोलर बेअरिंग बनवायला सुरुवात 1965 मध्ये एनआरबी या कंपनीने केली.

मटेरियलचं भांडण अजून चालूच आहे. पत्रा दाबून केलेला केज स्वस्त. पितळेचा मशीनिंग केलेला केज दणकट, व्हायब्रेटिंग स्क्रीनसारख्या (थरथरणारी मोठी चाळणी) मार खाणाऱ्या ठिकाणी लोक डोळे झाकून तोच मागतात, पण अमोनियाच्या कॉम्प्रेसरमध्ये पितळ घातलं तर ते तडकतं. जेट इंजिनात स्टीलच्या केजवर चांदीचा मुलामा, म्हणजे तेल क्षणभर तुटलं तरी घासून लगेच जाम होत नाही. आणि मग नायलॉन, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं पॉलिअमाइड 66, हलकं, आवाज कमी, रोलर पॉकेटमध्ये, म्हणजे केजमधल्या त्याच्या खाचेत, टचकन बसतो. प्लास्टिक म्हणून नाक मुरडणारे भरपूर भेटतात, माझ्या मते ते उगाच, कारण साधारण 120 डिग्रीच्या आत आणि तेलात भलते अॅडिटिव्ह नसतील तर हा केज उत्तम चालतो. वर गेलात तर कडक होऊन ठिसूळ पडतो, तिथे पीक (PEEK, जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) किंवा धातूच घ्या.

शाफ्ट 1500 आरपीएमला असेल तर केज साधारण 600 ला फिरतो. लोडच्या भागात रोलर केजला ढकलतात, बिनलोडच्या भागात केज रोलरला ओढतो, एका फेरीत ही रस्सीखेच एकदा इकडून एकदा तिकडून. शाफ्ट सतत थांबत-सुटत असेल तर पट्टीच्या कोपऱ्यावर धक्के बसत राहतात आणि बारीक चीर बहुतेक तिथूनच सुरू होते, म्हणून पॉकेटच्या कोपऱ्याला रेडियस ठेवतात, टोकदार कोपरा कधीच नाही.