दोन इंजिनांमधली ‘निकामी’ केबल

अमेरिकेत मेरीलँडला, चेसापीक उपसागराच्या काठी राहणाऱ्या माझ्या एका मित्राने जुनी बोट विकत घेतली आहे. 1980च्या दशकातली, फायबरग्लासची, पोटात दोन पेट्रोल व्ही-8 इंजिनं. वायरिंग नीटनेटकं करायला बसला तेव्हा त्याने मला एक फोटो पाठवला. डाव्या इंजिनाच्या ब्लॉकपासून (म्हणजे इंजिनाच्या धातूच्या मुख्य धडापासून) उजव्या इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत एक जाडजूड काळी केबल गेली होती. खाली प्रश्न होता : “दोन्ही टोकं निगेटिव्हलाच आहेत, मग ही मधे कशाला? काढून टाकतोय. तसंही 12 व्होल्टच तर आहेत.”

मी त्याला लगेच फोन केला आणि केबलला हात लावू नकोस म्हणून सांगितलं. त्या बोटीवरच्या सगळ्या तारांमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच.

आधी ‘12 व्होल्टच’चं बघू. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं आहे. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे शरीरातून जाणारा प्रवाह अगदी क्षुल्लक राहतो. पण आग लागते ती तार तापल्यामुळे, आणि तारेला तापवतो तो प्रवाह. मोठं पेट्रोल इंजिन फिरवताना स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो. आपल्या घरातला गिझर नऊ-दहा अँपिअरवर चालतो, यावरून अंदाज यावा.

गाडीत हा सगळा प्रवाह इंजिनातून आणि पत्र्याच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. त्यामुळे गाड्यांवर काम केलेल्या माणसाला परतीच्या वाटेचा वेगळा विचार करायची सवयच नसते. फायबरग्लासमधून मात्र वीज वाहत नाही. बोटीवर प्रत्येक दिव्याला, पंपाला, मीटरला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते. स्टार्टरच्या प्रवाहाची परतीची वाट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि तिथून बॅटरीपर्यंत जाणारी निगेटिव्ह केबल. ती केबल म्हणजे घरातलं अर्थिंग नव्हे. घरातल्या अर्थच्या तारेतून एरवी काहीच वाहत नाही, तर इथे बॅटरीतून निघालेला अँपिअरन् अँपिअर याच वाटेने परत येतो.

दुसरा गैरसमज शाळेपासून आपल्यासोबत आहे : वीज सर्वांत कमी रोधाच्या वाटेने जाते. प्रत्यक्षात वीज मिळतील त्या सगळ्या वाटांनी एकाच वेळी जाते आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. पाटाच्या पाण्याला बांधात जितक्या फटी मिळतात तितक्यांतून ते थोडं थोडं निघतं, तसंच हे.

दोन इंजिनांच्या बोटीवर अशा फटी कुठे असतात? प्रत्येक इंजिनापासून सुकाणूजवळच्या पॅनेलपर्यंत मीटरच्या तारांचा जुडगा जातो. त्यात एक निगेटिव्ह तार असते आणि दोन्ही इंजिनांच्या त्या तारा पॅनेलमागे एकत्र येतात. थ्रॉटलच्या आणि गिअरच्या केबलींमध्ये पोलादी गाभा असतो, आणि दोन्हींची वरची टोकं एकाच धातूच्या कंट्रोल बॉक्समध्ये भेटतात. काही जुन्या बोटींत पेट्रोलच्या धातूच्या नळ्यांमधूनही हा संबंध जोडलेला असतो. म्हणजे दोन्ही ब्लॉक एकमेकांना जोडलेले असतातच, फक्त हा जोड कोणी प्रवाह वाहण्यासाठी केलेला नसतो.

आता मधली जाड केबल काढली आहे असं धरा, आणि डाव्या इंजिनाच्या निगेटिव्ह केबलचं थिंबल (टोकाला बसवलेलं धातूचं कडं) गंजू द्या. केबल ठीक असताना तिचा रोध समजा 0.001 ओहम आहे आणि पॅनेलवरून वळसा घेणारी मीटरची वाट 0.1 ओहमची. दोनशे अँपिअरपैकी जेमतेम दोन अँपिअर मीटरच्या तारेने जातील, त्याने काही बिघडत नाही. थिंबल गंजून त्याचाही रोध 0.1 ओहम झाला की अर्धा प्रवाह बारीक तारेने जायला लागतो. थिंबल पूर्ण निसटलं की सगळाच तिकडून. डाव्या ब्लॉकमधून वर पॅनेलकडे, तिथून खाली उजव्या ब्लॉककडे, आणि उजव्या निगेटिव्ह केबलने बॅटरीकडे.

आकडेमोड करून बघू. येऊन-जाऊन 12 मीटर तार, जाडी 2 चौरस मिलिमीटर. तांब्याच्या रोधकतेवरून तिचा रोध सुमारे 0.1 ओहम. 12 व्होल्टला दोनशे अँपिअर ओढणारा स्टार्टर म्हणजे साधारण 0.06 ओहम. दोन्ही मिळून 0.16, म्हणून प्रवाह 12 भागिले 0.16, म्हणजे सुमारे 75 अँपिअर. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते : साडेपाचशे वॉटच्या वर, मीटरला सुमारे 46 वॉट. या तारेच्या एका मीटरमध्ये तांबं 18 ग्रॅम, ते एक अंश तापवायला सात ज्यूलही लागत नाहीत. तेव्हा तारेचं तापमान सेकंदाला सहा-सात अंशांनी चढतं. 10 सेकंद किल्ली धरून ठेवली तर 65 ते 70 अंशांची वाढ, तीही इंजिनाशेजारच्या आधीच गरम हवेत. तारेवरचं पीव्हीसी यातली काही उष्णता शोषून घेतं, पण तेच पीव्हीसी शंभरीच्या आसपास मऊ पडून शेजारच्या तारांना चिकटायला लागतं.

माणसाचा स्वभाव इथे आणखी घात करतो. स्टार्टरची मोटर फिरते तेव्हा ती स्वतः उलट विद्युतदाब (व्होल्टेज) निर्माण करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. कमी प्रवाहावर इंजिन जेमतेम हलतं किंवा अडकतं, उलट दाब नाहीसा होतो आणि स्टार्टरचा रोध मी धरलेल्या 0.06 ओहमपेक्षाही खाली जातो. बाहेरून दिसतं एवढंच की इंजिन ‘जड’ फिरतंय, मग माणूस किल्ली आणखी जोराने, आणखी वेळ धरतो. फ्यूज उडत नाही, कारण फ्यूज पॉझिटिव्ह बाजूला असतात, परतीच्या तारेत नसतात. स्टार्टरच्या मुख्य केबलला तर फ्यूज नसतोच, नियमांनीच तशी सूट दिलेली आहे.

मला सर्वांत भीती वाटते ती पुढच्या प्रकाराची, कारण त्याला कुठल्या बिघाडाची गरजच नसते. जुन्या बोटींवर बॅटरी निवडायचा गोल स्विच असतो : एक, दोन, दोन्ही, बंद. डावी बॅटरी उतरली म्हणून स्विच ‘दोन्ही’वर नेला, तर उजव्या बॅटरीचा पॉझिटिव्ह डाव्या स्टार्टरला मिळतो. त्या बॅटरीतून निघालेल्या प्रवाहाला परतायचं असतं त्याच बॅटरीच्या निगेटिव्हला. ती जोडलेली उजव्या इंजिनाला, स्टार्टर डाव्या इंजिनावर. मधली जाड केबल नसेल आणि बॅटरींच्या निगेटिव्हही आपसांत जोडलेल्या नसतील, तर सगळ्या तारा धडधाकट असूनही तो प्रवाह मीटरच्या आणि थ्रॉटलच्या वाटेनेच जातो.

म्हणून अमेरिकी नियमावलीत (33 सीएफआर 183.415) स्पष्ट कलम आहे : बोटीत एकाहून जास्त पेट्रोल इंजिनं असतील तर त्यांच्या स्टार्टरची निगेटिव्ह मंडलं एका सामाईक वाहकाने जोडलेली हवीत, आणि त्या वाहकाला प्रत्येक स्टार्टरचा प्रवाह पेलता यायला हवा. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेली) इंजिनं या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, पण ओहमच्या नियमाला अशी सूट माहीत नाही. मुंबई-मांडव्याकडच्या दोन आउटबोर्डच्या स्पीडबोटींनाही हे गणित लागू पडतं. नियमाचा भर पेट्रोलवर आहे कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. त्यासाठीच इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (ती वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवा अशी पाटी बोटीवर लावलेली असते.

या बिघाडाची चाहूल आधी लागते. डावं इंजिन सुरू करताना उजव्या इंजिनाच्या तापमानाचा काटा उडी मारतो, थ्रॉटलची केबल हाताला कोमट लागते. पण मीटर खराब असेल म्हणून किंवा बोटच पनवती आहे म्हणून ते सोडून दिलं जातं. अमेरिकेतले हौशी मासेमार बोटीवर केळं आणणं अपशकुनी मानतात, आपण लिंबू-मिरची बांधतो. थिंबलवरचा गंज यातल्या कशानेही निघत नाही, तो सँडपेपरनेच निघतो. आणि समुद्राचं पाणीच अर्थिंग करतं हा समजही तितकाच निराधार आहे. स्टार्टरच्या दोनशे अँपिअरना बॅटरीपर्यंत परत आणणं पाण्याचं काम नाही.

पाणी करतं ते वेगळंच. जुन्या वायरिंगमधून थोडा प्रवाह जरी धातूच्या भागातून पाण्यात गळत राहिला, तरी तो धातू विरघळतो. फॅरडेच्या नियमाने एक अँपिअर वर्षभर गळला तर जवळजवळ 3 किलो ॲल्युमिनियम किंवा 9 किलो लोखंड जातं. पाण्याखाली लावलेले जस्ताचे तुकडे स्वतः झिजून बोटीच्या धातूला वेगवेगळ्या धातूंमधल्या दाबाच्या फरकापासून वाचवतात. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचं तांब्याचं अस्तर असंच वाचवलं होतं, मात्र विरघळायचं थांबलेल्या तांब्यावर शिंपले धरायला लागले. 12 व्होल्टच्या गळतीपुढे मात्र जस्ताचा तुकडा फार दिवस टिकत नाही.

भारतातून गेलेल्यांसाठी रंगांचाही एक सापळा आहे. आपल्या हाताला काळी तार म्हणजे न्यूट्रल ही सवय. अमेरिकेत 120 व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी तार जिवंत असते, आणि जुन्या बोटीवर 12 व्होल्टची निगेटिव्हही काळीच. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या बोटीत या दोन काळ्या तारा शेजारी शेजारी असू शकतात. म्हणून अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात निगेटिव्हला पिवळा रंगही दिलेला आहे.

मित्राला मी करायला सांगितलं ते असं. ब्लोअर चालवून, वास तपासून, इग्निशन तोडून (म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही) डावं इंजिन फिरवायचं आणि मल्टिमीटरने तीन ठिकाणी दाब मोजायचा : डाव्या ब्लॉकपासून डाव्या बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यापर्यंत, दोन ब्लॉकमध्ये, आणि ब्लॉकपासून पॅनेलच्या निगेटिव्हपर्यंत. मग हेच उजव्या बाजूने. खुंट्यावरच, क्लॅम्पवर नव्हे, कारण गंज बहुतेक वेळा त्या दोघांच्या मधेच लपलेला असतो. दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत असेल तर ठीक, अर्ध्या व्होल्टपुढे गेलं तर जोड उघडून घासायचे. नवी केबल घालायची झाली तर बारीक पदरांची, कल्हई केलेल्या तांब्याची, कारण साध्या तांब्यात खारी हवा इन्सुलेशनच्या आतपर्यंत शिरून पदर काळे पाडते. जाडी 70 चौरस मिलिमीटरच्या आसपास. अशा दोन मीटर केबलमध्ये दोनशे अँपिअरला दाब पडतो जेमतेम एक दशांश व्होल्ट, आणि उष्णता होते 20 वॉट.